डायरेक्ट केलेला स्विच

राइड-ऑन मोवर म्हणजे चालकाने वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र. इंग्लंडमधील स्ट्राउड या गावच्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या ज्या मूळ यंत्राचे पेटंट घेतले, ते गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचलेले होते. त्यात फिरत्या दंडगोलावरची पाती खालच्या स्थिर पट्टीवरून सरकत आणि गवत दोहोंच्या मध्ये सापडून कातरले जाई. गोल्फच्या हिरवळीवर ही पद्धत अजून टिकून आहे. परंतु विस्तीर्ण आवारांसाठी व्यापारी वापराची जी यंत्रे येतात, त्यांतली पाती जमिनीला समांतर फिरतात आणि केवळ वेगाच्या बळावर गवत तोडतात. या पात्यांवरच्या लोखंडी झाकणाला डेक म्हणतात. दीड मीटर रुंदीच्या डेकखाली सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीची तीन पाती असतात, आणि ती मिनिटाला ३,४०० फेरे घेत असली तर पात्याचे टोक सेकंदाला जवळजवळ ९५ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या वेगाने जाते. अमेरिकेतील मानकांनी टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे आणि व्यापारी यंत्रे तिच्या अगदी कडेने चालतात, कारण वेग उतरला की कापणी खरबरीत होते. हे यंत्र बिघडल्यावरच धोकादायक होते असे नाही. ते उत्तम चालत असते तेव्हाही धोका त्याच्या कामातच असतो.

त्यातही झीरो-टर्न हा प्रकार वेगळा समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील हेस्टन येथे जॉन रेगियर याने १९६०च्या दशकात त्याची रचना केली. त्यात सुकाणूचे चाक नसते. मागच्या प्रत्येक चाकाला तेलाच्या दाबावर चालणारी स्वतंत्र मोटर असते, दोन दांड्यांनी दोन चाकांचा वेग वेगवेगळा ठेवून यंत्र जागच्या जागी वळवता येते, आणि पुढची दोन चाके नुसती मोकळी गरगरणारी असतात.

महाविद्यालयांची आवारे, कारखान्यांच्या वसाहती, जिमखाने आणि गोल्फ क्लब येथे अशी यंत्रे जसजशी येऊ लागली आहेत, तसतशा त्यांच्या सुरक्षेविषयी दोन भूमिका एकमेकींसमोर उभ्या राहताना दिसतात. पहिली भूमिका आवाराची जबाबदारी असलेल्या उद्यान-अधीक्षिकेची असून तीत नियम, फलक आणि नोंदवही यांवर भर असतो. दुसरी वर्कशॉप सांभाळणाऱ्या मुरलेल्या मिस्त्रींची असून तीत हाताच्या सवयीवर आणि कानाच्या पारखीवर विश्वास असतो. पुढील संवादातील दोघे या भूमिकांचे कल्पित प्रतिनिधी आहेत. वादाला निमित्त झाला आहे तो आसनाखालचा स्विच. चालक आसनावर आहे तोवर हा स्विच दाबलेला राहतो. पाती फिरत असताना चालक उठला वा फेकला गेला, तर त्याच्यामुळे इंजिन बंद पडते आणि पातीही थांबतात. वर्कशॉपच्या भाषेत हा स्विच "डायरेक्ट" करणे म्हणजे त्याच्या दोन तारा परस्पर जोडून यंत्राला चालक कायम बसलेलाच आहे असे भासवणे.

अधीक्षिका : मिस्त्री, दोन नंबरच्या मशीनची सीट उचलली तेव्हा स्विचच्या तारा पिळून त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. हे काम वर्कशॉपमध्ये झाले असेल तर मैदानावर लावलेल्या सूचनांच्या फलकाला काही अर्थ उरत नाही, आणि ते वर्कशॉपच्या नकळत झाले असेल तर गोष्ट त्याहून गंभीर आहे.

मिस्त्री : वर्कशॉपमध्येच झाले आहे मॅडम, लपवण्यासारखे त्यात काही नाही. मागच्या मैदानात खड्डे आहेत. माळी पन्नास किलोचा. सीट उसळली की स्विच सुटतो आणि मशीन ओळीच्या मध्येच बंद पडते. असे दिवसातून दहा वेळा झाले तर ठेकेदार माळ्यालाच बोल लावतो, कारण त्याला पैसे मिळतात ते एकरावर. ज्याचा हात बसलेला आहे तो चालत्या मशीनवरून उतरत नाही. स्विच हा नवख्यासाठी असतो.

अधीक्षिका : हात बसलेला माणूस रजेवर जातो, आजारी पडतो, आणि त्याच्या जागी ठेकेदार ज्याला पाठवतो त्याला तारा जोडलेल्या आहेत हे कुणी सांगत नाही. मिस्त्री, तुमचे कसब तुमच्याबरोबर घरी जाते आणि डायरेक्ट केलेला स्विच मात्र मशीनमध्येच राहतो.

या उत्तरातला युक्तिवाद बिनतोड आहे, तरी त्याने प्रश्न सुटत नाही. तारा सोडवून स्विच पूर्ववत केला तर खड्डे, हलका माळी आणि एकरावरची मजुरी ही तिन्ही कारणे जशीच्या तशी राहतात आणि महिन्याभरात तारा पुन्हा जोडल्या जातात. नियमाचा आग्रह धरणारे येथे नेहमी अडखळतात. सुरक्षेचे साधन कुणी दुष्टपणाने काढत नाही, ते कामात अडथळा आणते म्हणून काढले जाते, आणि त्या अडथळ्याचे मूळ बहुधा देखभालीत सापडते. व्यापारी यंत्रांच्या अनेक आसनांना स्प्रिंगची ताठरता चालकाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करण्यासाठी एक मूठ असते. नव्वद किलोच्या माणसासाठी ताठ केलेली स्प्रिंग पन्नास किलोच्या माणसाखाली दबतच नाही, आणि मग प्रत्येक खड्ड्यात आसन व माणूस यांची फारकत होते. टायरमध्ये हवा जास्त असली तर हादरे वाढतात आणि दोन बाजूंची हवा कमी-अधिक असली तर डेक तिरका होऊन गवतही तिरके कापले जाते. मिस्त्रींनी हे मान्य केले, पण आपल्या पद्धतीने.

मिस्त्री : स्प्रिंग सैल करता येते, हवा मोजता येते, हे खरे. पण त्यासाठी सकाळची पंधरा मिनिटे लागतात आणि ती ठेक्यात कुठे लिहिलेली नाहीत. वहीत सही करायला अर्धा मिनिट पुरतो, म्हणून वही भरते आणि टायर तसाच राहतो. मॅडम, नियम लिहिणाऱ्याने वेळही लिहून द्यावा.

अधीक्षिका : तो देता येईल, पंधरा मिनिटांची मजुरी आवाराच्या खात्यातून जाईल. मात्र त्या पंधरा मिनिटांत स्विचची परीक्षाही झाली पाहिजे. पाती जोडलेली असताना चावी फिरवली तर इंजिन सुरू होता कामा नये; दांड्या मधल्या स्थितीत नसताना सुरू होता कामा नये; आणि मोकळ्या सपाट जागेवर पाती फिरत असताना चालक आसनावरून जरासा उचलला गेला तर पाती थांबलीच पाहिजेत.

मिस्त्री : पाती थांबलीच पाहिजेत हे ठीक, पण किती वेळात? सगळे म्हणतात मशीन बंद झाले, पाते थांबले. ते थांबत नाही. फिरत राहते.

मिस्त्रींचा हा प्रश्न या वादातील सर्वांत मोलाचा आहे, आणि तो फलकावरच्या कोणत्याही सूचनेत आढळत नाही. अनेक उत्पादकांच्या पुस्तिका पाती थांबण्यासाठी सुमारे ५ सेकंदांची मर्यादा सांगतात. इंजिनाच्या खाली विजेवर चालणारा एक क्लच असतो. चुंबकाने ओढला की तो पट्ट्याला गती देतो आणि वीज तोडली की त्याचाच दुसरा पृष्ठभाग ब्रेक म्हणून काम करतो. हे पृष्ठभाग झिजतात, त्यांच्यातली फट वाढते, आणि काही वर्षे वापरलेल्या यंत्रात पाते थांबायला लागणारा वेळ कुणाच्या लक्षात न येता लांबत जातो. ही फट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते आणि ती फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजून नटांनी जुळवता येते. पात्यांची गती तोडल्यावर त्यांचा आवाज विरेपर्यंत मनात अंक मोजणे ही मिस्त्रींची जुनी सवय म्हणजे या ब्रेकची खरीखुरी तपासणी आहे. ती फक्त त्यांच्या कानात राहिली, वहीत कधी आली नाही, एवढीच तिची उणीव.

अधीक्षिका : मग हात कापल्याचे अपघात होतात ते पाते थांबण्याआधी कुणी उतरतो म्हणून?

मिस्त्री : उतरतो कशासाठी, ते बघा ना. गवत फेकणारे बाजूचे तोंड तुंबते म्हणून उतरतो. आणि तोंड तुंबते ते धार गेलेली असते, गवत ओले असते, डेकच्या आत मागच्या आठवड्याचा लगदा वाळून बसलेला असतो, आणि डिझेल वाचवायला इंजिन अर्ध्या वेगावर ठेवलेले असते म्हणून. चारांपैकी तीन वर्कशॉपची पापे आहेत, आभाळाचे एकच.

पावसाळ्यात हरळी थांबत नाही; पंधरा दिवस पाऊस उघडला नाही की ती घोट्याच्या वर जाते आणि मग एकाच फेरीत तळापर्यंत कापण्याचा मोह होतो. एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, हा हिरवळ सांभाळणाऱ्यांचा जुना नियम गवताच्या मुळांसाठी सांगितला जातो, परंतु तो डेकच्या तोंडासाठीही तितकाच खरा आहे. उंची वाढवून पहिली फेरी घ्यावी, अर्धी रुंदी आधीच्या पट्ट्यावर चढवावी, इंजिन पूर्ण वेगात ठेवावे, आणि तरीही तोंड तुंबले तर पात्यांची गती तोडून, इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून, पाती थांबल्याची डोळ्यांनी खात्री करून मगच काठीने लगदा काढावा. हाताने तेव्हाही काढू नये, कारण तिन्ही पाती एकाच पट्ट्यावर असतात आणि एक हलवले की उरलेली दोनही हलतात.

पात्यांच्या देखभालीविषयी दोघांत मतभेद कमी आणि तपशील जास्त आहे. मिस्त्री डेक उचलून खाली विटा लावतात; अधीक्षिकेला ते पसंत नाही, आणि येथे तिचीच बाजू बरोबर आहे, कारण वीट एका कोपऱ्यावर भार आला की फुटते आणि अर्ध्या टनाहून जड यंत्र खाली येते. जॅकवर उचलून लोखंडी स्टँडवर टेकवल्यावरच खाली हात घालावा. त्याआधी चावी काढावी, प्लगच्या दोन्ही टोप्या ओढून ठेवाव्यात आणि डिझेल यंत्र असेल तर बॅटरीची ऋण तार सोडावी. पाते आणि डेक यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवला की हात निसटला तरी धारेवर जात नाही.

मिस्त्री : पाते हातात आल्यावर धार सगळेच बघतात. पाठ बघत नाहीत.

पात्याची पाठ म्हणजे टोकाजवळचा, वर उचललेला, पंखासारखा भाग. तो हवा वर ओढून गवत उभे करतो आणि कापलेले गवत तोंडाकडे ढकलतो. मुरमाड जमिनीवर पात्याबरोबर वाळूही फिरत राहते आणि हा पंख जिथे सपाट भागाला मिळतो तिथे ती नेमकी घासते. प्रथम तिथे एक चकचकीत खोबण दिसते, मग पत्रा कागदासारखा पातळ होतो, मग एक चीर पडते, आणि शेवटी पंखाचा तुकडा सुटतो. धार उत्तम असलेले पाते असे मोडू शकते, म्हणून खोबण दिसताच ते भंगारात टाकावे. वाकलेले पाते ठोकून सरळ करणे आणि चिरलेल्याला वेल्डिंग मारणे या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास होतात, आणि दोन्ही वर्ज्य आहेत. धार मूळ कोनातच लावावी, ग्राइंडरने पोलाद निळे पडेल इतके तापवू नये, शेवटचा हात कानशीने द्यावा, आणि मधल्या भोकातून पाते खिळ्यावर टांगून ते एका बाजूला कलते का हे पाहावे. समतोल नसलेले पाते मिनिटाला हजारो वेळा बेअरिंगला धक्का देते, आणि मिस्त्रींना लांबून ऐकू येणारी घरघर तिथूनच सुरू होते.

अधीक्षिका : घरघर ऐकू येईपर्यंत बेअरिंग गेलेलेच असते. ते कशाने जाते, हे परवा उलगडले. स्नेहसंमेलनाचा मांडव उतरल्यावर जी तार उरते, तिचे तुकडे पात्याच्या दांड्याभोवती गुंडाळले होते आणि त्यांच्या खाली जानेवारीतला मांजा.

मिस्त्री : मांजा सीलमध्ये शिरतो, ग्रीस बाहेर येते, पाणी आत जाते. मॅडम, हे मशीनचे दुखणे नव्हे, मैदानाचे आहे.

कापणीपूर्वी मैदानावरून पायी फिरणे हा पुस्तिकांतला नेहमीचा नियम आहे आणि फार कमी पाळला जाणाराही. महाराष्ट्रातील आवारांत त्याचे महत्त्व अधिक, कारण येथे मुरमाचे खडे, मांडवाच्या खिळे-तारा, फुटलेल्या बाटल्या आणि उघडे पडलेले सिमेंटचे ढेकूळ गवतात लपलेले असतात, आणि पात्याने उडवलेल्या खड्याला बंदुकीची गोळी म्हटले तरी अतिशयोक्ती फारशी होत नाही. बाजूच्या तोंडावरचे झाकण वर बांधून ठेवण्याची रीत त्यामुळे स्विच डायरेक्ट करण्याहून कमी गुन्ह्याची नाही. ते तोंड रस्त्याकडे, इमारतीकडे किंवा माणसांकडे कधीही नसावे, आणि मैदानावर मुले असतील तर यंत्र थांबलेलेच असावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असे यंत्र चालवण्यासाठी किमान १६ वर्षे वय सांगितले आहे, आणि मांडीवर मूल घेऊन फेरी मारण्याला तर तिने कोणत्याही वयात मुभा ठेवलेली नाही.

उरलेल्या काही गोष्टींवर दोघांचे लगेच जमते. तेलाच्या नळीला सुईएवढे भोक पडले तर त्यावर बोट फिरवू नये, पुठ्ठा धरावा, कारण त्या दाबाने तेल कातडीखाली शिरते आणि काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. म्हणून रबरी नळ्या वरचेवर तपासाव्यात आणि पावसाळ्यात टाकीत पेट्रोल साचू देऊ नये. पेट्रोल भरताना इंजिन थंड असावे आणि कॅन जमिनीवर टेकलेला असावा. नव्वद डेसिबलच्या आवाजात अडीच तासांहून अधिक काळ उघड्या कानांनी बसू नये, हा अमेरिकी संशोधन संस्थेचा हिशेब मिस्त्रींनी प्रथम हसण्यावारी नेला. मात्र बेअरिंगची घरघर ऐकणारे कान दहा वर्षांनीही तशीच ऐकत राहायचे असतील तर, असे अधीक्षिकेने सुचवल्यावर त्यांनी कानपट्टी मागवून घेतली.

खरा खटका उडतो तो रोल-बारवर. चालकाच्या मागे उभी असणारी ही लोखंडी कमान यंत्र उलटले तर त्याचा भार स्वतःवर घेते, आणि पट्टा बांधलेला चालक तिच्या सावलीत वाचतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान सक्तीची केली आणि तेथील उलटण्याचे मृत्यू झपाट्याने घटले.

मिस्त्री : ही कमान गुलमोहराच्या फांदीत अडकते. मग चालक ती मोडून खाली करतो, आणि कमान खाली असताना पट्टा बांधला तर उलटलेल्या मशीनखाली तो अडकूनच राहणार. म्हणून पट्टाही सोडतो. दोन्ही गेले.

अधीक्षिका : मग फांदी कापायची, मिस्त्री. कमान नव्हे.

मिस्त्रींनी ते मुकाट्याने मान्य केले, हे लक्षणीय आहे. आसनाची स्प्रिंग, क्लचची फट, मांडवाची तार आणि गुलमोहराची फांदी या चारही गोष्टींचे नाते येथे स्पष्ट होते: चालकाला साधन काढून टाकावेसे वाटण्याचे कारण प्रत्येक वेळी यंत्राच्या वा मैदानाच्या कुठल्या तरी राहून गेलेल्या कामात आहे. नोंदवहीत "स्विच चालू" असे लिहिण्यापेक्षा "स्विच का काढावासा वाटला" हे लिहिले गेले, तर वर्कशॉपच्या कामांची यादी आपोआप तयार होईल, अशी अधीक्षिकेची अखेरची भूमिका बनली, आणि वहीबद्दलचा मिस्त्रींचा जुना राग त्या दिवसापुरता शमला.

एका जागेबद्दल मात्र त्यांचे जमलेले नाही, आणि ती म्हणजे तलावाकडचा उतार. पुस्तिका सहसा १५ अंशांची मर्यादा सांगतात. ती मोजण्यासाठी एक मीटर लांबीची फळी वरच्या टोकाशी जमिनीला टेकवून पाणसळीने आडवी धरावी; खालच्या टोकाखाली २७ सेंटिमीटर अंतर भरले तर उतार १५ अंशांचा झाला.

मिस्त्री : तिथे ३१ भरतात. पण वीस वर्षे कापला आहे. आडव्या ओळीत, कोरड्या दिवशी.

अधीक्षिका : तेव्हा सुकाणू असलेले जुने मशीन होते. झीरो-टर्नमध्ये मागची दोन चाके हेच सुकाणू आणि तोच ब्रेक. ओल्या गवतावर ती एकदा घसरली की चालकाच्या हातात काहीच उरत नाही आणि यंत्र सरळ खाली जाते. खाली पाणी आहे. पाण्यापासून निदान दोन डेकच्या रुंदीएवढे लांब राहायचे तर तो पट्टा कापताच येत नाही. तिथे वाळा लावावा. त्याची मुळे काठ धरून ठेवतील आणि वर्षातून दोनदा विळ्याने छाटला की पुरे.

मिस्त्री : वाळ्याच्या ठोंबात जनावर बसते मॅडम, आणि संध्याकाळी पोरे तिथेच बसतात. उताराचा वरचा भाग, हातात धरून चालवायच्या मशीनने, आडवा कापू, माणूस पायावर उभा असतो, घसरला तर मशीन सोडून देता येते. काठाचा शेवटचा पट्टा तेवढा वाळ्याला द्या.

अधीक्षिका : किती रुंदीचा?

मिस्त्री : दोन डेकचा म्हणालात ना. तीन मीटर.